दाब–घनफळ आकृतीचा पूर्वेतिहास

महाविद्यालयीन पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत उष्णता इंजिनाचे प्रकरण बहुधा कार्नोच्या चक्रापासून सुरू होते. दोन समतापी रेषा, दोन अ‍ॅडिअ‍ॅबॅटिक रेषा, त्यांनी वेढलेली वाकडी चौकट आणि खाली एक वाक्य : वेढलेले क्षेत्रफळ म्हणजे इंजिनाने केलेले कार्य. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतो. ही आकृती कार्नोच्याच ग्रंथातली असणार अशी त्याची समजूत होते, आणि पुष्कळदा शिकविणाऱ्याचीही तीच असते. वस्तुतः कार्नोच्या १८२४ च्या ग्रंथात ही आकृती नाही. तिचा मूळ नमुना त्यापूर्वी अठ्ठावीस वर्षे इंग्लंडमधील एका कारखान्यात, अगदी निराळ्या गरजेतून तयार झाला होता. कार्नोच्या विचाराशी तिची गाठ पडली ती तो वारल्यानंतर. पाठ्यपुस्तकांनी हा क्रम उलटा केल्यामुळे दोन गोष्टी झाकल्या गेल्या. क्षेत्रफळाला कार्य का म्हणावयाचे ही पहिली; आणि एक चुकीचा सिद्धांत कोसळला तरी त्याच्यासाठी काढलेली आकृती मात्र कशी टिकून राहिली ही दुसरी.

जेम्स वॉट हे नाव स्वतंत्र संघनकाच्या शोधामुळे सर्वपरिचित आहे. त्याचे पेटंट १७६९ चे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्याचे १७८२ चे पेटंट अधिक महत्त्वाचे ठरते. सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या संपूर्ण फेरीभर वाफ सोडत राहण्याऐवजी फेरीच्या आरंभीच झडप बंद करावी आणि कोंडलेल्या वाफेला प्रसरण पावू देऊन दट्ट्या ढकलू द्यावा, ही त्यातील कल्पना होती. तिचा फायदा दाखविण्यासाठी वॉटने सिलिंडरचे वीस समान भाग कल्पिले आणि पाचव्या भागाशी वाफ तोडली. तेथपर्यंत दाब पूर्ण, म्हणजे १. पुढे घनफळ वाढेल त्या प्रमाणात दाब घटत जातो असे धरले, तर दहाव्या भागाशी तो निम्मा आणि विसाव्या भागाशी पाव उरतो. हे वीस दाब मांडून बेरीज केली की ती सुमारे ११.५७ येते. वाफ अखेरपर्यंत सोडली असती तर बेरीज २० झाली असती. म्हणजे वाफ चौथा हिस्सा खर्च झाली आणि काम मात्र निम्म्याहून अधिक, सुमारे ५८ टक्के मिळाले. पेटंटच्या चित्रात सिलिंडरच्या अंगाला या दाबांच्या आडव्या रेषा काढलेल्या असून त्यांची टोके वक्रावर पडतात. संकलनाचे चिन्ह न वापरता केलेले हे संकलन आहे. अचूक गणिताने उत्तर ६० टक्क्यांच्या जवळ येते. प्रत्येक भागाच्या शेवटचा, म्हणजे सर्वांत कमी दाब घेतल्यामुळे हा थोडा फरक पडतो, हे वर्गात पाच मिनिटांत दाखविता येण्याजोगे आहे.

परंतु हा सारा कागदावरचा हिशेब होता. प्रत्यक्ष सिलिंडरमध्ये दाब तसाच घटतो का, हे पाहण्याचे साधन नव्हते. या प्रश्नामागे व्यवहारही होता. बोल्टन आणि वॉट यांची पेढी कॉर्नवॉलच्या खाणमालकांकडून जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा घेत असे. पुढे चाके फिरविणारी इंजिने गिरण्यांना दिली जाऊ लागली तेव्हा आकारणी अश्वशक्तीवर आली. तेव्हा इंजिन खरोखर किती काम करते हा दाम ठरविणारा प्रश्न होता, आणि त्यावर तंटे होत.

१७९६ साली वॉटचा सहकारी जॉन सदर्न याने यावर उपाय काढला. वॉटकडे दाब दर्शविणारे एक लहान उपकरण आधीच होते : एक छोटी नळी, तीत स्प्रिंगने आवरलेला दट्ट्या, आणि नळी इंजिनाच्या सिलिंडरला तोटीने जोडलेली. काटा वरखाली होई; पण तो इतक्या वेगाने होई की डोळ्यांनी वाचणे कठीण. सदर्नने काट्याच्या जागी पेन्सिल बसविली आणि तिच्यासमोर कागद लावलेली फळी ठेवली. ही फळी दोरीने इंजिनाच्या हलत्या भागाला बांधली, त्यामुळे दट्ट्या जितका सरके त्या प्रमाणात फळीही आडवी सरके. पेन्सिलीची उभी हालचाल दाबाची, कागदाची आडवी हालचाल दट्ट्याच्या स्थानाची. दट्ट्याची एक जा-ये पूर्ण झाली की कागदावर बंद वक्र उमटे.

क्षेत्रफळ म्हणजे कार्य हे येथे पाठ करावे लागत नाही. दाबाला दट्ट्याच्या पृष्ठभागाने गुणले की बल मिळते, आणि बलाला सरकलेल्या अंतराने गुणले की कार्य. वरची रेषा ही वाफेने दट्ट्याला ढकलल्याची नोंद. परतीच्या फेरीत, संघनकाकडे वाट मोकळी असताना, त्याच बाजूला जो थोडा दाब शिल्लक राहतो तो दट्ट्याला अडवितो; ती खालची रेषा. पहिल्यातून दुसरे वजा केले की मधले क्षेत्रफळ उरते. दाम द्यावयाचा तो त्याचाच. शिवाय जाणकार माणूस वैद्याने नाडी पाहावी तशी ही आकृती पाहत असे : झडप उशिरा उघडली तर वरचा कोपरा गोलसर होई, संघनक नीट काम करीत नसेल तर खालची रेषा वर सरके.

पेढीने हे साधन गुपित ठेवले. वॉटच्या मूळ पेटंटची मुदत १८०० साली संपली, तरी गुपित फुटले नाही. अभियंता व लेखक जॉन फॅरी याला ते १८१९ साली रशियात, तेथील इंजिनावर पाहावयास मिळाले, ही गोष्ट बोलकी आहे. १८२२ मध्ये लंडनच्या एका विज्ञान नियतकालिकात त्याचे वर्णन छापून आले. पुढे ग्लासगोच्या जॉन मॅकनॉटने फळीऐवजी फिरते पिंप बसविले आणि उपकरण सुटसुटीत झाले.

आता कार्नो. सादी कार्नोचे नाव शिराझच्या शेख सादींवरून ठेवलेले आहे. त्याचे वडील लाझार कार्नो, फ्रेंच क्रांतीतील सेनासंघटक व गणिती, यांना त्या कवीचे प्रेम होते. (१८८७ साली फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झालेला सादी कार्नो हा याचा पुतण्या. दोघांची गल्लत नेहमी होते.) १८२४ चा त्याचा लहानसा ग्रंथ बव्हंशी शब्दांत लिहिलेला आहे, गणित तळटीपांत आहे. त्यातील उपमा पाणचक्कीची : पाणी उंचावरून खाली पडते व चक्की फिरते, तशी उष्णता बॉयलरकडून संघनकाकडे उतरते व कार्य घडते. पाणी पडताना नाहीसे होत नाही, तशी उष्णताही नाहीशी होत नाही. ग्रंथाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १८३२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पटकीच्या साथीत कार्नो वारला.

दोन वर्षांनी एमिल क्लापेरों या अभियंत्याने कार्नोचा विचार एका निबंधात नव्याने मांडला आणि तेथे आडव्या अक्षावर घनफळ, उभ्या अक्षावर दाब घेऊन चार वक्रांची चौकट काढली. आज कार्नोच्या नावाने शिकविली जाते ती हीच. क्लापेरों १८२० ते १८३० या काळात सेंट पीटर्सबर्गला अध्यापन करीत होता. फॅरीने निर्देशक पाहिला तोही रशियातच. हा योगायोग इतिहासकारांना खुणावत आला आहे, परंतु केवळ योगायोगाने उसनवारी सिद्ध होत नाही.

शिवाय दोन्ही आकृत्या दिसायला सारख्या असल्या तरी एक नव्हेत. सदर्नच्या कागदावर सिलिंडरमधील वाफेचे वस्तुमान स्थिर नाही. झडप उघडताच वाफ येते, नंतर निघून जाते. क्लापेरोंच्या चौकटीत तीच कोंडलेली वाफ किंवा तोच वायू अखेरपर्यंत फिरतो व मूळ अवस्थेला परत येतो. एक यंत्राची नोंद आहे, दुसरी पदार्थाच्या अवस्थांचा मार्ग. परीक्षेतील उत्तरपत्रिकांत यांची जी सरमिसळ आढळते तिचे मूळ बहुतेक वेळा पुस्तकातच असते, कारण निर्देशकाची आकृती आणि कार्नोचे चक्र शेजारी छापून हा भेद तेथे सांगितलेला नसतो.

विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, १८४५ मध्ये पॅरिसच्या दुकानांतून कार्नोचे पुस्तक शोधत हिंडला. त्याला ते मिळाले नाही. कार्नो त्याला प्रथम भेटला तो क्लापेरोंच्या निबंधातून. त्याच दशकात जूलचे प्रयोग दाखवीत होते की कार्य खर्च केल्यास ठराविक प्रमाणात उष्णता निर्माण होते. मग उष्णता अबाधित राहून केवळ खाली उतरते हे कसे खरे मानावे? टॉमसन १८४९ मध्येही या पेचात होता. १८५० साली क्लाउझियसने तो सोडविला : उष्णतेचा काही भाग कार्यात रूपांतरित होतो, उरलेला थंड बाजूला जातो.

आकृतीची एकही रेषा या उलथापालथीत हलली नाही. बदलला तो तिचा अर्थ. बॉयलर १०० अंश व संघनक ४० अंश सेल्सिअसवर, म्हणजे निरपेक्ष मापाने ३७३ व ३१३ वर आहे असे समजू. आदर्श इंजिनाने वरच्या समतापी रेषेवर १०० एकक उष्णता घेतली, तर क्षेत्रफळ सुमारे १६ एककांचे असेल. खालच्या समतापी रेषेवर किती बाहेर पडेल? क्लापेरोंच्या मते पूर्ण १००, क्लाउझियसच्या मते ८४. क्षेत्रफळ दोघांनाही मान्य. कार्य पेन्सिलीच्या वाटेवरून मोजता येते, उष्णता येत नाही. म्हणूनच चुकीच्या समजुतीचा डाग चौकटीला लागला नाही. दोन तापमानांमध्ये काम करणाऱ्या कोणत्याही इंजिनाची कमाल मर्यादा त्या तापमानांवरच अवलंबून असते, हे कार्नोचे मुख्य विधानही टिकले. त्याच्या पश्चात भावाने १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणांवरून दिसते की उष्णता अबाधित राहते या गृहीतकावरचा त्याचा स्वतःचाच विश्वास अखेरच्या वर्षांत उडाला होता.

रँकिनने १८५४ मध्ये प्रसरणाचे सारे भूमितीय विवेचन याच आकृतीवर उभे केले. त्याच वर्षी आम्सलरने वक्राभोवती काटा फिरवून क्षेत्रफळ वाचणारे उपकरण बनविले. ते इंजिनघरांतून पुढे दीर्घकाळ वापरात राहिले. उष्णता मात्र अजून आकृतीबाहेरच होती. १८७३ मध्ये गिब्जने घनफळ व दाब यांच्या जागी एन्ट्रॉपी व तापमान हे अक्ष घेतले. तेथे कार्नोचे चक्र साध्या आयताचे होते, आणि वरच्या रेषेखालील क्षेत्र घेतलेली उष्णता, खालच्या रेषेखालील क्षेत्र टाकलेली उष्णता असे थेट वाचता येते.