विलायती बातमीपत्रांची किंमत

1906 साली रायपूर व बिलासपूर या जिल्ह्यांचे काही भाग तोडून मध्यप्रांताच्या सरकारने दुर्ग हा नवा जिल्हा निर्माण केला, तेव्हा ज्याच्या भट्ट्यांचा तांबूस उजेड आज रात्री दूरवरून दिसतो ते भिलाई हे धानाच्या शेतांनी वेढलेले एक साधे खेडे होते, आणि मुंबईहून नागपूरमार्गे आलेली डाक घेऊन बंगाल-नागपूर रेल्वेची गाडी त्याच्या शेजारून रायपूरकडे निघून जाई. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात नाशिककडचा एक तेवीस वर्षांचा पदवीधर लंडनला पोहोचला, आणि थोड्याच अवधीत तेथून मुंबईच्या ‘विहारी’ साप्ताहिकाकडे मराठी बातमीपत्रे येऊ लागली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध असेल असे वरवर पाहता वाटत नाही. परंतु लंडनच्या त्या बातमीपत्रांनी आणि त्यांच्याच जातीच्या लेखनाने जे वातावरण पेटले, त्याची झळ दोनच वर्षांत आमच्या या मुलुखापर्यंत येऊन पोहोचली. परदेशात राहून क्रांतिकारक चळवळींची हकीकत स्वदेशी लिहून पाठविण्याच्या व्यवसायाचा इतिहास सांगताना लिहिणाऱ्याचे साहस सर्वांच्या नजरेत भरते, आणि ते भरावे हे योग्यच आहे. मात्र त्या लेखनाचे मोल ज्यांनी कारावासाने, जप्तीने आणि मनस्तापाने चुकते केले, ते पुष्कळदा डाकेच्या दुसऱ्या टोकाला बसलेले संपादक, मुद्रक आणि भाषांतरकार होते, आणि त्यांचा हिशेब आपल्या इतिहासाने अद्याप पुरता मांडलेला नाही, असे आमचे मत आहे.

परमुलुखातून बातमी आणविण्याची विद्या मराठी राज्यास नवी नव्हती. पुणे दरबाराचे वकील व अखबारनवीस दिल्लीपासून श्रीरंगपट्टणपर्यंत बसलेले असत, आणि ज्या नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकाच्या मध्यापासून 1854 पर्यंत छत्तीसगडावर होता, त्यांचा वकील कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जच्या सन्निध वावरत असे. बेनीराम पंडित हा तो वकील. ऑगस्ट 1781 मध्ये काशीला राजा चेतसिंगाच्या लोकांनी उठाव केला आणि हेस्टिंग्जला रातोरात चुनारच्या किल्ल्याचा आश्रय करावा लागला, तेव्हा हा मराठी वकील त्याच्याबरोबर होता. एका उठावाचा तो प्रत्यक्ष साक्षी खरा. परंतु त्याची लेखणी दरबाराची चाकर होती, तिचा मजकूर एका खलित्यातून निघून एका दफ्तरात पडावयाचा, आणि रयतेपैकी कोणाच्या कानी तो जावा अशी अपेक्षाही नव्हती.

सत्तावन्नच्या उठावाने या व्यवहारातले अंतर फार स्पष्ट करून दाखविले. लंडनच्या ‘टाइम्स’चा विख्यात युद्धवार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल जानेवारी 1858 मध्ये कलकत्त्यास उतरला, सरसेनापती कॅम्पबेलच्या छावणीबरोबर लखनौच्या पाडावापर्यंत गेला, आणि आपल्याच लोकांच्या सूडबुद्धीचा निषेध करण्याइतका प्रामाणिकपणा त्याने दाखविला. त्याच जानेवारीच्या 18 तारखेला रायपूरच्या छावणीत हनुमानसिंगाने सार्जंट मेजर सिडवेलचा वध केला आणि 22 तारखेला त्याचे सतरा सहकारी फासावर चढले. त्याच्या आधीच्या महिन्यात, 10 डिसेंबर 1857 रोजी, दुष्काळात सावकाराचे धान्याचे कोठार उघडून ते उपाशी लोकांना वाटणारा सोनाखानचा जमीनदार नारायणसिंग याला रायपुरातच फाशी देण्यात आले होते. या प्रसंगांवर कोणताही रसेल हजर नव्हता. जे लिहिले गेले ते अंमलदारांच्या अहवालांत, आणि जे उरले ते लोकांच्या तोंडी. आपल्या भाषेपुरते बोलावयाचे तर वरसईचे विष्णुभट गोडसे हे यज्ञाच्या दक्षिणेसाठी उत्तरेकडे गेले असता झाशीच्या वेढ्यात सापडले आणि त्यांनी पुढे आपली हकीकत लिहून ठेवली, एवढे एक मोठे भाग्य आपल्या वाट्याला आले. पण ती हकीकतही चिंतामणराव वैद्यांच्या हातून ‘माझा प्रवास’ या नावाने छापून निघावयास 1907 साल उजाडावे लागले. पाहिलेले सांगण्यास मराठी माणूस अर्धशतक थांबला, यात त्याचा भित्रेपणा नव्हता. सांगितल्यावर काय होते, हे तो जाणून होता.

‘विहारी’च्या वाचकांपर्यंत लंडनहून येणारा मजकूर या दृष्टीने अगदी निराळा होता. परदेशची ताजी बातमी त्या काळी रॉयटरच्या तारेने येई. तारेचा खर्च मराठी साप्ताहिकांना झेपणारा नव्हता, आणि इंग्रजी दैनिकांतून उतरून घेतलेल्या तारांत आयर्लंड, ईजिप्त किंवा रशिया येथील हालचालींचे जे चित्र उमटे ते लंडनच्या डोळ्यांनी पाहिलेले असे. पत्र मात्र स्वस्त होते. ब्रिंदिसी, सुवेझ व एडन यांवरून येणारी साप्ताहिक डाक मुंबईस पोहोचण्यास सुमारे दोन आठवडे घेई, म्हणजे पत्रातली बातमी छापली जाई तोवर ती शिळी झालेली असे; म्हणून पत्रलेखकाला बातमीच्या पलीकडे काही द्यावे लागे. पार्लमेंटातील एखादा वादविवाद, आयरिश सभासदांची एखादी युक्ती, हिंदी विद्यार्थ्यांची एखादी सभा एवढे निमित्त घेऊन तो त्यामागचे राजकारण उकलून दाखवी, आणि वाचकाने आपल्या देशाशी त्याचा मेळ कसा घालावा हेही सुचवी. डाकेच्या संथपणानेच मराठीतील राजकीय बातमीपत्राला निबंधाचे गांभीर्य दिले, असे आम्हांस वाटते.

विनायक दामोदर सावरकर हे या बातमीपत्रांचे लेखक. श्यामजी कृष्णवर्मा यांनी देऊ केलेल्या शिष्यवृत्तीसाठी त्यांची शिफारस टिळकांनी व ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी केली होती, ही गोष्ट येथे मुद्दाम लक्षात ठेवावी. ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यास, हायगेटच्या क्रॉमवेल अॅव्हेन्यूवरील ‘इंडिया हाउस’मध्ये वास्तव्य, इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात सत्तावन्नच्या कागदपत्रांचे वाचन, मॅझिनीच्या चरित्राचे भाषांतर, आणि या सर्वांबरोबर डाकेच्या दिवसापूर्वी पुरे करावयाचे बातमीपत्र, असा त्यांचा क्रम होता. बातमीदार आणि चळवळ्या ही दोन नाती त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती, आणि येथेच रसेलसारख्या व्यावसायिक वार्ताहराहून त्यांची जात वेगळी पडते. 10 मे 1907 रोजी सत्तावन्नच्या उठावाचा अर्धशतकोत्सव लंडनमध्ये साजरा झाला, तो साजरा करणाऱ्यांत ते होते आणि तो मराठी वाचकाला समजावून सांगणाऱ्यांतही तेच होते. निःपक्षपाताची कसोटी अशा लेखनाला लावणे व्यर्थ आहे. त्या लेखनाने स्वतःचा पक्ष कधी लपविला नाही, हाच त्याचा प्रामाणिकपणा.

उलट दिशेनेही वार्ताहर येत होते. रशियातील 1905 चा उठाव डोळ्यांनी पाहून त्यावर ग्रंथ लिहिलेला हेन्री नेव्हिन्सन ‘मँचेस्टर गार्डियन’तर्फे 1907 च्या अखेरीस हिंदुस्थानात आला, सुरतेच्या काँग्रेसमध्ये भिरकावलेला जोडा त्याने मंडपात बसून पाहिला, टिळकांची भेट घेतली, आणि सहानुभूतीने लिहिले. त्याच्यामागून ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल आला, त्याने सरकारी दफ्तरांच्या आधारावर ‘इंडियन अनरेस्ट’ लिहून 1910 मध्ये टिळकांना असंतोषाचे जनक ठरविले. एकाने प्रेमाने लिहिले, दुसऱ्याने द्वेषाने. पण लिहिल्यानंतर दोघेही आपापल्या घरी सुखरूप परतले. चिरोलवर टिळकांनी लंडनच्या न्यायालयात भरलेला अब्रुनुकसानीचा दावा 1919 मध्ये फेटाळला गेला, आणि त्याचा अफाट खर्च टिळकांवरच पडला.

येथील लेखकांना ही सोय नव्हती. 1908 च्या जून-जुलैत काय घडले ते पाहावे. स्फोटकांच्या कायद्याबरोबर वृत्तपत्रांचा नवा कायदा 8 जूनला झाला. परांजप्यांना त्याच महिन्यात पकडून जुलैत एकोणीस महिन्यांची शिक्षा ठोठावण्यात आली. 22 जुलैला न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. सावरकरांना लंडनला पाठविण्यासाठी ज्या दोघांनी शब्द टाकला होता ते दोघे अशा रीतीने एकाच महिन्यात तुरुंगात गेले. ‘विहारी’ही राजद्रोहाच्या खटल्यांतून सुटला नाही.

ऑगस्टमध्ये ही लाट नागपूरला आली. ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर, जे पुढे ‘संदेश’कार म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले, ते पकडले गेले, आणि ‘हिंदी केसरी’चे संपादक माधवराव सप्रे यांच्यावर कलम 124 अ खाली राजद्रोहाचा आरोप आला. सप्र्यांविषयी सविस्तर लिहिणे आम्हांस अवश्य वाटते, कारण ते आमच्या प्रांताचे होते आणि मराठी वाचक त्यांना जवळजवळ विसरला आहे. 1871 मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या या महाराष्ट्रीय गृहस्थाने रायपुरात शिक्षण घेतले, पेंड्राच्या राजकुमारांना शिकविले, आणि जेथे धड छापखाना नव्हता अशा त्या रानात बसून जानेवारी 1900 मध्ये रामराव चिंचोलकर व वामनराव लाखे या मित्रांच्या साहाय्याने ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. अंक तेथे सिद्ध व्हावा, रायपूरला आणि पुढे नागपूरच्या देशसेवक छापखान्यात छापला जावा, असा तो खटाटोप तीन वर्षे चालला. 13 एप्रिल 1907 रोजी त्यांनी नागपुरात ‘हिंदी केसरी’ सुरू केला, आणि पुण्याच्या ‘केसरी’तील विचार हिंदी वाचकांच्या दारी नेऊन पोहोचविले. ज्या लेखांवरून त्यांना अटक झाली ते मूळ ‘केसरी’च्याच विचारसरणीचे हिंदी अवतार होते. बाँबच्या प्रश्नावर पुण्याने जे लिहिले त्याची शिक्षा पुण्याने भोगली, आणि त्याच्या तर्जुम्याची शिक्षा छत्तीसगडच्या माणसाच्या दारात येऊन उभी राहिली.

पुढील भाग लिहिताना लेखणी जड होते. वडीलबंधूंच्या व आप्तांच्या निकराच्या आग्रहापुढे माधवरावांचे काही चालले नाही. त्यांनी माफी लिहून दिली आणि नोव्हेंबरात ते सुटले. चरित्रकार या घटनेजवळून घाईने पुढे जातात. आम्हांस ती लपविण्यासारखी वाटत नाही, कारण त्यानंतर त्यांनी स्वतःला जी शिक्षा केली ती सरकारने केली असती तिच्याहून कमी नव्हती. वर्ध्याजवळ हनुमानगड येथे श्रीधर विष्णु परांजपे या रामदासी सत्पुरुषाच्या सान्निध्यात ते जाऊन राहिले, मधुकरी मागून त्यांनी दिवस काढले, समर्थांच्या ‘दासबोधा’चे परिशीलन केले आणि तो हिंदीत उतरविला. टिळक मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहीत होते. तो ग्रंथ 1915 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर त्याचे हिंदी भाषांतर सप्र्यांनीच केले. ज्याच्या विचारांच्या भाषांतरापायी आयुष्य मोडले, त्याच्याच बंदिवासातील ग्रंथाचे भाषांतर करून माणसाने पुन्हा उभे राहावे, याहून मोठे प्रायश्चित्त आम्हांस ठाऊक नाही. 1920 मध्ये जबलपुरात ‘कर्मवीर’ निघाला त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती, आणि 23 एप्रिल 1926 रोजी रायपुरात त्यांचा अंत झाला.

लेखनाचे मोल लिहिणाऱ्याऐवजी छापणाऱ्याने चुकते करावे, हा नियम लंडनमध्येही खरा ठरला, हे विशेष. श्यामजींच्या ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ला हिंदुस्थानात येण्याची बंदी 1907 मध्येच झाली होती, आणि श्यामजी स्वतः त्याच वर्षी पॅरिसला निघून गेले होते, परंतु 1 जुलै 1909 रोजी मदनलाल धिंग्राने कर्झन वायलीचा वध केल्यावर त्या पत्राचा इंग्रज मुद्रक हॉर्सली याला चार महिन्यांची, आणि त्याच्यानंतर तेच पत्र हट्टाने छापणाऱ्या गाय आल्ड्रेडला बारा महिन्यांची शिक्षा झाली. आल्ड्रेड हा हिंदी नव्हता, त्याचे या देशात काही नव्हते. मुद्रणस्वातंत्र्याच्या तत्त्वासाठी तो तुरुंगात गेला. शेवटी बातमीदाराचीही पाळी आली. 13 मार्च 1910 रोजी सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली, आणि लंडनच्या बातमीपत्रांचा तो काळ तेथे संपला.

रशियात 1917 मध्ये राज्यक्रांती झाली तेव्हा मराठीला तिचा स्वतःचा बातमीदार नव्हता. जानेवारी 1918 मध्ये ‘केसरी’ने लेनिनवर लेख लिहिला, तोही परक्या तारांतून सत्यासत्य निवडून काढूनच लिहावा लागला असणार. त्याच रशियाशी 2 फेब्रुवारी 1955 रोजी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना ठरला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, आणि ज्यांच्या क्रांतीची बातमी आमच्या वाडवडिलांपर्यंत लंडनच्या गाळणीतून आली होती त्यांचे अभियंते नागपूर-वऱ्हाडातून आलेल्या मराठी फोरमनांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्या वर्षांत कोणा मराठी संपादकाने भिलाईस आपला माणूस वर्षभर ठेवला असता, तर रशियाविषयीचे कितीतरी अस्सल मराठी लेखन प्रवासखर्चावाचून मिळाले असते. ही संधी गेली याचे आम्हांस मनापासून वाईट वाटते.

सप्र्यांच्या नावाने भोपाळ येथे 1984 मध्ये जुन्या वृत्तपत्रांचे संग्रहालय स्थापन झाले आहे. दुर्ग, राजनांदगाव, रायपूर व भिलाई येथील मराठी घरांत आजोबा-पणजोबांनी रुमालात बांधून ठेवलेले ‘काळ’, ‘केसरी’, ‘देशसेवक’, ‘हिंदी केसरी’ यांचे सुटे अंक असतील, तर ते वाळवी लागण्यापूर्वी तेथे पोहोचवावेत, आणि प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टाइपात छापलेले मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आधी टिपून घ्यावे.