लिनक्स टाकून देण्याच्या मेळाव्याची कुळकथा

नवख्यांनी आपापला संगणक घेऊन यायचं आणि जाणत्यांनी त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली टाकून द्यायची, या मेळाव्याला जगभर ‘इन्स्टॉलफेस्ट’ म्हणतात. त्याचं मूळ शोधत गेलं की परोपकाराच्या आधी अडचण भेटते.

हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. तो फुकट होता, पण घरी आणायचा कसा? या गाभ्यावर बेतलेलं १९९३ चं स्लॅकवेअर हे लिनक्स २४ फ्लॉप्यांवर यायचं. त्यातली एक खराब निघाली की मुसळ केरात. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही मोठ्या शहरांत आणि टेलिफोनच्या तारेवरून. निपाणी-बोरगावसारख्या लहान गावांतल्या माणसाने एवढा ऐवज उतरवून घेणं अशक्यच.

वाट काढली ती एका मासिकाने. १९९६ मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ने अंकासोबत स्लॅकवेअरची सीडी दिली. त्यामागे होते अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, पण इंजिनिअरिंग बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमधलं.

सीडी पोस्टाने आली, ती वापरायची अक्कल थोडीच येणार होती! हार्ड डिस्कचे भाग पाडताना एक कळ चुकली की विंडोजसकट घरचे हिशेब गडप. मॉनिटरच्या वारंवारतेचे आकडे हाताने भरावे लागत आणि ते चुकले तर मॉनिटर जळेल, असा इशाराच सूचनांमध्ये असे. एकट्याने हे करायला छाती लागायची. म्हणून सीपीयूचं खोकं आणि बोजड मॉनिटर उचलून माणसं जाणत्यांकडे जमू लागली. पुण्या-बंगळूरच्या लिनक्स गटांनीही हीच रीत धरली.

पुढे डिस्कला हात न लावता सीडीवरूनच चालणारं नॉपिक्स हे लिनक्स आलं. २००४ पासून उबुंटू या लिनक्सच्या सीड्या फुकट घरपोच येऊ लागल्या, मग पेन ड्राइव्हने सगळंच सोपं केलं. तरी मेळावे टिकले, कारण डिस्क पुसली जाण्याची भीती तशीच राहिली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ न चालणारी धडधाकट यंत्रं पुन्हा दारात आली. स्वयंसेवकाचा बराच वेळ आता लग्नाचे फोटो आणि पोरांच्या मार्कशीटा दुसरीकडे उतरवून घेण्यातच जातो. विंडोजवरच्या टॅलीत हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला मात्र विंडोज काढू नका, असंच सांगावं.