सुमेरचा बोरू

मोडी दप्तरांचे रुमाल सोडून ज्यांनीं जुने कागद चाळले असतील, त्यांस बोरू म्हणजे काय हें सांगावयास नकोच. त्याच बोरूचा एक भाऊबंद आजच्या इराकच्या दक्षिण भागांत, तैग्रिस व युफ्रेतिस या नद्या जेथें सपाट मुलखांत पसरतात त्या दलदलींत, हजारों वर्षें वाढत आला आहे. दोन पुरुषांहून उंच, आंतून पोकळ आणि माथ्यावर तुरा असलेलें हें गवत मानवजातीचें केवढें देणें लागतें, याची कल्पना सहसा कोणास नसते. किंबहुना देणें मानवजातीच्याच अंगावर आहे.

इ. स. पूर्वीं ३३०० च्या सुमारास सुमेर देशांतील उरुक नगरीच्या कारकुनांनीं ओल्या मातीच्या पट्टिकांवर प्रथम आकृति कोरल्या. पुढें कापलेल्या बोरूचें टोंक मातींत नुसतें दाबूं लागले, आणि खिळ्यासारख्या चिन्हांची कीलाकृति लिपि सिद्ध झाली. लिहिलें काय? मेंढ्यांची गणति, जवाची वांटणी, मजुरांचा शिधा. लेखनविद्या जन्मास आली ती काव्यासाठीं नव्हे, हिशेबासाठीं. कवींस हें रुचो वा न रुचो. सुमेरी भाषेंत बोरूस 'गि' म्हणत. लेखणी ती 'गि-दुब्बा', म्हणजे पट्टिकेचा बोरू. सहा हात लांबीच्या मापासही 'गि' हेंच नांव. इनन्ना देवीचें चिन्ह तर बोरूच्या जुडीचा खांब हेंच होतें.

घरेंही त्याचींच. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें उरुकची सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींची एक पाषाणाची द्रोणी आहे. तिच्यावर बोरूची झोंपडी व तींतून बाहेर येणारीं कोंकरें कोरलीं आहेत. दलदलींतले अरब पाहुण्यांसाठीं बांधतात तें 'मधीफ' याच वळणाचें. बोरूच्या जाड जुड्या दोन ओळींत रोवावयाच्या, शेंडे वांकवून एकमेकांस बांधावयाचे आणि वर चटया घालावयाच्या. खिळा एकही नाहीं.

परंतु बोरू केवळ माणसाच्या कामाचा नव्हे. त्याच्या दाटींत नदीचा वेग मंदावतो, गाळ खालीं बसतो, पाणी निवळतें. पोकळ दांड्यांतून हवा चिखलांतील मुळांपर्यंत पोंचते. मासे तेथेंच अंडीं घालतात, आणि बसऱ्याच्या नांवानें ओळखला जाणारा एक चिमुकला पक्षी मुख्यतः याच बोरूंत घरटें बांधतो. म्हशी कोंवळे कोंभ खातात. माणसें बोरू व चिखल यांचे थर रचून त्या बेटांवर राहतात.

१९९१ सालीं दक्षिणेंतील उठाव मोडला व बंडखोर या दलदलींत लपले, तेव्हां सद्दाम हुसेनच्या राजवटीनें बांध व कालवे काढून पाणीच अन्यत्र वळविलें. शस्त्रापेक्षांही हें हत्यार भयंकर ठरलें. २००१ पर्यंत दलदलीचा सुमारें नऊ-दशांश भाग नाहींसा झाला होता. कांहीं कुटुंबें इराणांत गेलीं, कांहीं शहरांच्या कडेला.

२००३ मध्यें ती राजवट पडतांच तेथील लोकांनींच बांध फोडले. पाणी परतलें आणि कोरड्या मातीखालीं तग धरून राहिलेल्या मुळांनीं पुन्हां कोंभ काढले. २०१६ सालीं या प्रदेशाची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. तथापि नद्यांच्या वरच्या अंगास धरणें आहेत, आणि २०२१ पासून अवर्षणाचीं वर्षें एकामागून एक आलीं. पाणी खारावलें, म्हशी मरूं लागल्या. कित्येक कुटुंबांनीं उरलेलीं जनावरें हांकीत दुसऱ्यांदा नदीकांठ गांठला.