कातळातील लाटा आणि काठावरचे गणित

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, त्र्यंबकेश्वर मागे टाकून घाटमाथ्याच्या चढउतारांतून वाट काढीत गेले म्हणजे हरसूल लागते. 1878 साली खालसा झालेल्या पेठ संस्थानाच्या मुलखातले हे बाजाराचे गाव कोकणा, महादेव कोळी आणि वारली यांच्या पाड्यांनी वेढलेले आहे. आणि त्याच्या पायाखाली जो काळा कातळ आहे, तोच दक्षिणेस थेट कोयनेच्या खोऱ्यापर्यंत आणि त्याही पलीकडे पसरला आहे. हा कातळ अचल आहे, दख्खनचे पठार हलत नाही, अशी विद्वानांची आणि त्यांच्या मागोमाग सरकारी बांधकाम खात्याची दृढ समजूत होती. पेठ, सुरगाणा, कळवण या तालुक्यांतून अधूनमधून जाणवणारे सौम्य धक्के आज नाशिकच्या ‘मेरी’त, म्हणजे 1959 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, नोंदले जातात खरे, परंतु असल्या नोंदींकडे गांभीर्याने पाहण्याची दृष्टी आपणांस कोयनेने दिली, आणि तिची किंमतही पुरेपूर वसूल केली.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, सव्वाचार वाजून गेल्यावर, कोयनानगर हादरले. दीडशेहून अधिक माणसे दगावली, घरे जमीनदोस्त झाली. 103 मीटर उंचीचे कोयना धरण मात्र उभे राहिले. धरणाच्या पोटातील गॅलरीत ठेवलेल्या त्वरणमापकाने त्या काही सेकंदांची वेडीवाकडी रेघ प्रकाशसंवेदी कागदावर उमटवून ठेवली होती. ती वाचली तेव्हा असे दिसले, की भूमीचे त्वरण धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या 0.63 पट, नदीच्या दिशेने 0.49 पट आणि उभ्या दिशेने 0.34 पट झाले होते. आणि धरणाचा आराखडा तयार करताना जो हिशेब धरला होता, तो अवघा 0.05 पटीचा! भिंतीला भेगा पडल्या त्या तळाशी नव्हेत, तर तळापासून सुमारे 66 मीटरवर, जेथे मागील अंगाचा उतार एकाएकी बदलतो त्या मानेपाशी. भेगा तेथेच का पडाव्यात, या प्रश्नाने पुढील कित्येक वर्षे जगभरच्या स्थापत्यगणितज्ञांची झोप उडविली.

प्रश्न वरवर पाहता भिंतीचा, परंतु त्यातील खरी मेख पाण्यात होती. भिंत हलली म्हणजे तिच्यापुढील पाण्यात दाबाच्या लाटा उठतात; त्या मैलोगणती पसरलेल्या जलाशयात दूर निघून जातात आणि जाता जाता भिंतीची ऊर्जा घेऊन जातात. वेस्टरगार्ड या अमेरिकन अभियंत्याने 1933 साली या दाबाचे सूत्र दिले, पण त्यात भिंत ताठ मानली होती. अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी 1973 साली कोयनेच्या भेगांची जी सुप्रसिद्ध मीमांसा केली, तीत भिंत लवचीक होती आणि तिचे गणित लहान लहान तुकड्यांत विभागून केले होते. भिंतीचे तुकडे करता येतात. अमर्याद जलाशयाचे आणि भूगर्भापर्यंत गेलेल्या कातळाचे कसे करावयाचे? कोठेतरी रेघ ओढून पाणी तोडले, की त्या काल्पनिक भिंतीवर आपटून लाटा परत येतात, आणि प्रत्यक्षात नसलेले धक्के गणितात शिरतात.

या पेचावरचा तोडगा फार जुना आहे. 1828 साली नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ग्रीन या गिरणीवाल्याने वर्गणीदार गोळा करून एक निबंध छापला. त्यातील सिद्धान्ताचे मर्म असे, की एखाद्या प्रदेशाच्या काठावर काय घडते ते पूर्णपणे कळले, तर आत काय घडते ते वेगळे मोजावे लागत नाही. जुन्या अमदानीत जकातीच्या नाक्यांवरील दप्तर चोख असले, म्हणजे कमाविसदाराला पेठेतील दुकान न् दुकान धुंडाळण्याची गरज पडत नसे, तसेच हे. हेल्महोल्ट्झने हा विचार ध्वनीला लावला, 1882 साली किर्चहॉफने प्रकाशाला. आणि लाटा दूर जातात, अनंतातून परत येत नाहीत, ही अट झोमरफेल्डने 1912 साली गणिती भाषेत बांधून दिली. काठावरचा हा विचार ज्या समाकल समीकरणांत मांडला जातो, त्यांचे शास्त्र फ्रेडहोमने विसाव्या शतकाच्या आरंभीच रचले होते. त्यांना आकड्यांत उतरविण्याची, म्हणजे काठावर निवडक बिंदू घेऊन बेरजा मांडण्याची, नीटस रीत 1930 साली न्यूस्त्रोमने दाखविली.

परंतु रीत सापडली म्हणून हिशेब होतो असे नाही. काठावरील प्रत्येक बिंदूची लाट उरलेल्या प्रत्येक बिंदूला पोचते, म्हणून समीकरणांच्या कोष्टकातील एकही घर रिकामे राहत नाही. 1964 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जे सीडीसी 3600 यंत्र आले, त्या जातीच्या यंत्राच्या स्मृतीच्या एका खणात 32,768 शब्द मावत. लाटांच्या गणितात प्रत्येक संख्येला दोन शब्द लागतात, तेव्हा 128 बिंदूंचे कोष्टक मांडले की खण काठोकाठ भरलाच, आज्ञावलीला तसूभर जागा नाही! अशा तुटपुंज्या सामग्रीवर त्याच दशकात फ्रीडमन व शॉ, बॅनॉ व गोल्डस्मिथ या जोड्यांनी अडथळ्यावर आदळून पसरणाऱ्या ध्वनिलहरींची उत्तरे काढली.

मग एक विलक्षण दोष उघडकीस आला. पदार्थाबाहेरील लाटांसाठी मांडलेले समीकरण काही ठरावीक वारंवारतांवर साफ बिघडे. कारण शोधता असे दिसले, की समीकरण केवळ पृष्ठभाग जाणते. आपण बाहेरचे विचारीत आहोत याचे भान त्याला नसते, आणि त्याच आकाराची पोकळी आतून ज्या वारंवारतेवर घुमली असती, नेमक्या तेथे त्याचे उत्तर एकमेव राहत नाही. शेंक या अमेरिकन संशोधकाने 1968 साली आतील काही बिंदूंवर उत्तर शून्य आले पाहिजे अशी जादा समीकरणे घालून दोष आटोक्यात आणला. बर्टन आणि मिलर यांनी 1971 साली मूळ समीकरण आणि त्याचेच लंबदिशेचे अवकलज यांची सांगड घालून तो मुळातून काढला. मला शेंकची युक्ती अधिक कारागिरीची वाटते, बर्टन-मिलरची अधिक खानदानी.

1978 साली ब्रेबियाच्या पुस्तकाने या पद्धतीला ‘बाउंडरी एलिमेंट’ हे नाव अभियंत्यांच्या तोंडी रुळविले, आणि पुढच्या दशकात सेव्हिलच्या दोमिंग्वेस आदींनी धरण, पाणी आणि पायाचा कातळ या तिघांनाही काठावरच्या समीकरणांनी एकत्र बांधले. रॉकलिन आणि ग्रीनगार्ड यांच्या जलद रीतीनंतर बिंदू लाखांनी घेता येऊ लागले. एवढे होऊनही, नवी आज्ञावली पारखावयाची झाली म्हणजे देशोदेशीचे संशोधक आजही जी भिंत पुढ्यात घेतात, ती 103 मीटर उंच, तळाशी 70 मीटर आणि माथ्याशी 14.8 मीटर रुंद अशी कोयनेचीच असते. कारण त्या भिंतीच्या पोटातील नोंद शाबूत आहे.

माझ्या मते या सर्व इतिहासात ग्रीनच्या निबंधाइतकेच मोल त्या कागदावरील रेघेचे आहे, आणि आपले सरकारी दप्तर हे मोल ओळखण्यात कमी पडले आहे. दमणगंगा-पिंजाळ नदीजोड योजनेत दमणगंगेवर भुगड येथे आणि वाघ नदीवर खार्गीहिल येथे, म्हणजे हरसूलच्याच टापूत, मोठी धरणे योजिली आहेत. त्यांची पायाभरणी होण्यापूर्वी तेथील कातळात त्वरणमापक बसवावेत, आणि त्यांच्या नोंदी खात्याच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता कोणाही गणित्यास मागताक्षणी मिळाव्यात, एवढी विनंती जलसंपदा खात्याने मनावर घ्यावी.