सुई आधी आली, कात्री नंतर

वालावलहून आम्ही बोलतोय. आज शिवणकामाचा इतिहास सांगायचा आहे, पण त्यात सुईदोऱ्यापेक्षा कात्रीची गोष्ट जास्त आहे. कापड बेतायचे कसे, हे बायकांच्या हाती केव्हा आले आणि इतका वेळ का लागला, ती ही गोष्ट.

कुडाळच्या बाजारात शिंप्याच्या मोठ्या दुकानात कधी नीट बघा. पुढच्या टेबलापाशी गळ्यात फीत अडकवून उभा असतो तो मास्तर. तो माप घेतो, खडूने आखतो, कापतो. मागे मशीनवर बसलेले कारागीर कापलेले तुकडे जोडतात. गिऱ्हाईक मास्तरला ओळखते. दर मास्तर ठरवतो. कारागिराला नगावर पैसे मिळतात. आता आपल्या वाड्यावाड्यांत मशीन असलेल्या बायका मोजा. हात साफ, टीप सरळ, पिको-फॉल झटपट. पण नवीन ब्लाउज कापायचा म्हटले की त्यातल्या कितीजणी कापड पुढे ओढतील? आमच्या गटात तरी सुरुवातीला सगळ्यांच्या हाती सुई होती आणि कात्री हाती घ्यायला कोणी पुढे होत नव्हते. एकदा कापलेले कापड परत जोडत नाही, ही भीती. कापड दुसरीचे असले की जास्तच.

शिंप्याच्या धंद्यात माप आणि कात्री यांचा मान जुना आहे. नामदेव महाराज शिंपी, 1270 ते 1350 हा त्यांचा काळ. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची जी पदे आहेत, त्यांतल्या एकात त्यांनी मनाला गज केले आहे आणि जिभेला कात्री. गज म्हणजे मोजायचे साधन. विद्या बापाकडून मुलाकडे जाई. घरातल्या बायका काज-बटण करीत, तुरपाई करीत, गोधड्या शिवीत. बेतणी पुरुषाकडे.

मग आपल्या आज्या-पणज्या चोळ्या कशा घालत? इथे जरा थांबायला हवे, कारण जुनी चोळी ही मोठ्या अकलेची वस्तू होती. ओटीत पडणारा खण आपण सगळ्या ओळखतो. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे खण महाराष्ट्रभर नावाजलेले. त्या एवढ्याशा कापडातून चोळी काढायची आणि चिंधी जवळजवळ उरू द्यायची नाही. काठ बाहीला लागायचे. तुकडे बहुतेक सरळ रेघांचे. अंगाला बसायची ती पुढच्या गाठीमुळे. पोर पोटात असो, अंगावर पीत असो, आजारपणात अंग सुकलेले असो, गाठ सैल केली किंवा आवळली की तीच चोळी चालायची. गाठ हेच तिचे माप. त्यामुळे छाती किती इंच आणि कंबर किती इंच, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो प्रश्न आला झंपर-पोलक्याबरोबर. झंपर हा शब्दच इंग्रजी ‘जंपर’वरून आला. बटणे आली, हुक आले, खांदा आला, मुंढ्याची गोलाई आली. गाठ ढिली करता येते, हुक ढिला करता येत नाही. कपडा अंगाबरहुकूम हवा असेल तर अंग आधी मोजायला हवे. आणि मोजणार कोण? शिंपी. तो पुरुष.

यातून एक चाल पडली, ती तुम्हाला आम्ही सांगायला नको. मापाला जुना ब्लाउज द्यायचा. परक्या पुरुषाने अंगाला फीत लावण्यापेक्षा हे बरे. शिंपी त्या ब्लाउजावरून नवा कापायचा. दोन वर्षांनी त्या नव्यावरून आणखी एक. मधल्या काळात बाळंतपणे झाली, दंड भरले, खांदे झुकले, पण ब्लाउज मात्र लग्नातल्या मापाच्या नकलेची नक्कल. काखेत काचतो, हात वर केला की वर सरकतो, भात लावायला वाकले की पाठीवर उसवतो. आणि बाई म्हणते, माझे अंगच मेले बेढब. अंग कामाचे असते. चुकते ते माप. हे आम्ही जरा जोरात बोलतो, कारण काखेतला तो काच आम्ही सगळ्यांनी भोगला आहे.

आता शाळेकडे वळू. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याकडे मुलींच्या शाळा निघाल्या, तेव्हा मिशनच्या शाळांत वाचनाबरोबर शिवणही असे. मुलींनी काय शिकावे यावर त्या काळी वर्तमानपत्रांतून भांडणे झाली. इंग्रजी नको, गणित कशाला, असे पुष्कळ. शिवणाला मात्र फारसा कोणाचा विरोध नव्हता. घरात बसून होणारे काम, संसाराला उपयोगी. आम्हाला वाटते, शिवणामुळेच कित्येक बापांनी मुलींना शाळेच्या दारापर्यंत जाऊ दिले असेल.

पंडिता रमाबाईंनी मार्च 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढे केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. धोंडो केशव कर्वे आपल्या कोकणचे, दापोलीकडच्या मुरूडचे. त्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. रमाबाई रानड्यांचे पुण्याचे सेवासदन 1909 चे. नवरा गेलेल्या, सोडलेल्या बायकांना या ठिकाणी दोन गोष्टी मिळाल्या: अक्षर आणि पोटाला लागेल असे काम. सेवासदनात शिवणाचे वर्ग होते. ज्या बाईला घरात कोपऱ्यात बसवले होते, तिने शिवलेल्या कपड्याचे पैसे तिच्या हातात पडले. ही बाब लहान नव्हती.

मशीनचे काय? एलायस हाऊने 1846 साली आणि आयझॅक सिंगरने 1851 साली अमेरिकेत आपापल्या मशीनचे हक्क नोंदवले. सिंगरची मशीन हिंदुस्थानात विकण्याचे काम मुंबईचे एक पारशी गृहस्थ, नसरवानजी मेरवानजी पटेल, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस करीत होते. त्यांची अडचण मजेची आहे. कंपनीला वाटे, एवढा मोठा देश, घरोघरी मशीन खपेल. पण इथले लोक लुगडे आणि धोतर नेसतात, त्याला शिवणच नाही! मशीन घेत ते मुख्यतः धंदेवाले शिंपी. म्हणजे पुन्हा तेच. यंत्र आले, पण आधी शिंप्याच्या दुकानात गेले.

यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये ‘यंग इंडिया’त छापून आलेल्या एका संभाषणात शिवणयंत्राला सूट दिली होती. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट बघून सिंगरने प्रेमापोटी ते केले, असे ते म्हणाले. गोष्ट गोड आहे. सिंगरने ते केले पैशासाठी, आणि त्याच्या संसाराची कथा तर ऐकवत नाही. तरी यंत्राने बायकांचे कष्ट कमी केले, हे गांधीजींचे म्हणणे खरेच होते. पुढे 1930 नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने इथेच मशीन बनवले, ते ‘उषा’. मग मशीन मध्यमवर्गाच्या घरात शिरले, लेकीला लग्नात देण्याची वस्तू झाले. आपल्याकडे चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेल्या सामानात, ट्रंका आणि वळकट्यांबरोबर, ते वाडीवर पोचले.

पण मशीन म्हणजे जलद सुई. कापायचे कसे ते मशीन सांगत नाही.

ते सांगणारी विद्या कागदावर उतरायला वेगळीच माणसे लागली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातले शिंपी इंचांची फीत वापरू लागले. त्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची वेगळी पट्टी असे आणि तिच्यावर खाचा पाडून ठेवत. फीत आली आणि अंगाचे आकडे झाले. आकडे झाले की त्यांची त्रैराशिके मांडता येतात. 1863 मध्ये अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. घरातल्या बाईने कागद कापडावर ठेवायचा, टाचायचा, कापायचा. मास्तरची कात्री पाकिटात मिळू लागली म्हणा.

मराठी मुलखात हे काम कोणी केले, ते ऐकून आपल्याला बरे वाटेल. दादरचे झारापकर टेलरिंग कॉलेज जुन्या बायकांना माहीत असेल. के. आर. झारापकरांचे कटिंगचे पुस्तक नवनीतने छापले आणि ‘झारापकर पद्धत’ हे नाव शिवणक्लासांत रूढ झाले. आडनाव बघा. झाराप म्हणजे आपल्याच कुडाळ तालुक्यातले, रेल्वेने सावंतवाडीकडे जाताना लागते ते. बापाने मुलाच्या कानात सांगायची विद्या आकड्यांत मांडली, आकृत्या काढल्या, छापली. पुस्तक जात बघत नाही आणि पुरुष-बाईही बघत नाही. ज्याला भागाकार येतो त्याला ते येते.

आता तो भागाकार कसा, ते थोडक्यात सांगतो, कारण ऐकल्याशिवाय भीती जात नाही. समजा छाती 36 इंच. कापड घडी घालून आखायचे, म्हणून चौथा भाग घ्यायचा, 9 इंच. श्वास घ्यायला, हात हलवायला अर्धा इंच ढील. वर दीड इंच माया. झाले 11 इंच, तिथे खूण. गळ्याची रुंदी बऱ्याच पद्धतींत छातीच्या बाराव्या भागाने धरतात, म्हणजे 3 इंच. मुंढ्याची गोलाई पुढच्या भागाला जास्त खोल, मागच्याला कमी, कारण आपले हात पुढे चालतात, मागे नाही. शिवणीच्या आत जास्तीचे कापड ठेवतो त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात, आणि अंग भरले की तीच उसवून कामी येते. हा शब्द ज्या कोणी पहिल्यांदा वापरला, ती बाईच असणार असे आम्हाला उगाचच वाटते.

टक्स म्हणजे काय, हे समजावताना मात्र आम्ही पुस्तक मिटतो आणि पान घेतो. द्रोण लावायचा आठवा. पान सपाट असते. कडेला एक दुमड घातली आणि चोयीने टाचली की पानाला पोट येते. दुमड मोठी तर द्रोण खोल. ब्लाउजचा टक्स ही तीच दुमड. सपाट कापडाला पोट द्यायचे. दुमडीचे टोक उभाराच्या मध्यापर्यंत न्यायचे नाही, इंचभर आधी थांबवायचे, नाहीतर तिथे चोच येते. ज्या बायांनी जन्मभर द्रोण लावले, त्यांना हे सांगायला दोन मिनिटे लागतात.

सूत्र मात्र डोळे मिटून लावू नये. सूत्र सरासरी अंगाचे असते. डोक्यावरून ओझी वाहिलेल्या बाईची मान पुढे झुकते, मासे विकणाऱ्या बाईचे दंड भरलेले असतात, एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरलेला असतो. कागदावरचे आखून झाले की कच्च्या टाक्यांवर एकदा अंगाला लावून बघायचे. सुती कापड आधी पाण्यातून काढून वाळवायचे, नाहीतर पहिल्या धुण्यात सगळा हिशोब आटतो.

सरकारच्या बाजूने, आयटीआयमध्ये ‘कटिंग अँड स्युइंग’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम बरीच वर्षे होता, आता त्याचे नाव ‘स्युइंग टेक्नॉलॉजी’. जुन्या नावात कटिंग पुढे होते, ते आम्हाला जास्त आवडे. मुंबईत वरळीला 1967 मध्ये पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले, त्याचीच पुढे जन शिक्षण संस्थाने झाली. तिथेही शिवण शिकवतात. 2023 मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे.

तरीही कात्रीचा प्रश्न मिटलेला नाही. 2024-25 ला राज्यातल्या शाळांसाठी एकच गणवेश ठरला. कापड एका ठिकाणी घ्यायचे आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांनी करायची, अशी योजना होती. गटांना काम मिळणार म्हणून आनंद होता. मग गणवेश उशिरा पोचल्याच्या, मुलांच्या अंगाला नीट न बसल्याच्या तक्रारी आल्या आणि डिसेंबर 2024 मध्ये निर्णय बदलून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले गेले. बोल लागला शिवणाऱ्या बायकांना. पण वाडीवरच्या शाळेतली पोरे आपल्या समोर उभी राहतात. त्यांना फीत लावायला अर्धा दिवस पुरतो. माप आणि कात्री गावात असती तर ती चड्डी गुडघ्याखाली का लोंबली असती?

समित्यांकडे काम आले म्हणजे ते आपल्या दारात आले. समितीपुढे जाताना नुसते ‘शिवून देतो’ म्हणू नका. ‘माप घेऊन, बेतून, शिवून देतो’ म्हणा, आणि बेतणीचा दर वेगळा लिहा. मास्तर लिहितो तसाच.

पुढच्या भागात कागदावर साधा ब्लाउज आखू. जवळ जुने वर्तमानपत्र, फूटपट्टी आणि पेन्सिल ठेवा. ब्लाउजची उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाहीची उंची, बाहीचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा, ही नऊ मापे शेजारणीकडून घेऊन लिहून ठेवा. स्वतःची स्वतः घेऊ नका. फीत धरायला हात वर गेला की छातीचे माप बदलते.