लांडग्याचा दगड



माझे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात, कामाची पाळी सुटल्यावर झाले. तेव्हा टंगस्टनच्या ऑक्साइडवर मी बोलावे हे धाडसच. पण या गोष्टीचा आरंभ पंडितांनी नव्हे, खाणकामगारांनी केला आहे. म्हणून हे धाडस.

जर्मनीतील सॅक्सनीच्या डोंगरांत कथील काढणाऱ्यांना एक काळा, जड दगड छळीत असे. तो भट्टीत गेला की कथील कमी उतरे. लांडगा मेंढरे खातो तसा हा कथील खातो, असे ते म्हणत. सोळाव्या शतकात अ‍ॅग्रिकोलाने लॅटिनमध्ये त्याला ‘लांडग्याचा फेस’ म्हटले. टंगस्टनचे ‘डब्ल्यू’ हे चिन्ह आजही ‘वुल्फ्राम’ या नावावरूनच आहे. हे नाव देणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

पुढे १७८१ साली स्वीडनच्या शीलेने दुसऱ्या एका जड दगडातून टंगस्टिक आम्ल काढले. हा शीले औषधविक्या होता. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती! १७८३ मध्ये स्पेनमधील एलुयार बंधूंनी लांडग्याच्या दगडातून तेच आम्ल मिळविले आणि कोळशाबरोबर तापवून त्यातून धातू वेगळा केला.

इथवर सारा खेळ आगीचा. १८६४ मध्ये ब्रिटनच्या टॉमस ग्रॅहॅमने मात्र दुसरी वाट दाखविली. पडद्यातून क्षार गाळून टाकून त्याने टंगस्टिक आम्ल पाण्यातच तरंगते ठेवले. डोळ्यांना न दिसणारे कण धरून ठेवणारे ते पाणी म्हणजे ‘सॉल’. तेच कण परस्परांत गुंतून थिजले की ‘जेल’. दूध विरजावे तसे!

याच वाटेला १९७७ साली पॅरिसच्या जाक लिवाज यांनी ‘मृदू रसायन’ म्हटले. सोडियम टंगस्टेटचे द्रावण रेझिनच्या मण्यांतून सोडायचे. मणी सोडियम ठेवून घेतात आणि त्याच्या जागी हायड्रोजन देतात. खाली उतरणाऱ्या आम्लातील सुटे घटक पाणी टाकीत एकमेकांना जोडले जातात. थिजण्यापूर्वी हा सॉल काचेवर पसरावा, वाळवावा, बेताने तापवावा, की ऑक्साइडचा पातळ थर तयार. टंगस्टन धातू वितळायला ३४२२ अंश लागतात. येथे काहीशे अंश पुरतात.

या ऑक्साइडची रचना आमच्या चाळीसारखी आहे. प्रत्येक टंगस्टनभोवती सहा ऑक्सिजन, अशी एक खोली. खोल्या कोपऱ्याला कोपरा लावून जोडलेल्या, आणि मधे बोळ. विजेचा दाब देताच त्या बोळांत हायड्रोजनचे किंवा लिथियमचे आयन शिरतात, बरोबर इलेक्ट्रॉन येतात, आणि थर निळा होतो. दाब उलटा केला की पाहुणे परततात, रंग जातो. एस. के. देब यांनी १९६९ मध्ये या ऑक्साइडच्या थरांतील रंगबदल मांडला. १९८३ मध्ये लिवाज यांच्या गटाने जेलच्या थरांतही तो दाखविला. कण नॅनोमीटरचे, म्हणजे मीटरच्या अब्जांशाच्या हिशेबातले, असले की आयनांचा प्रवास थोडका होतो आणि रंग लवकर पालटतो. विजेच्या दाबाने गडद होणाऱ्या खिडक्या याच गुणावर उभ्या आहेत.

मृदू रसायन झाले म्हणून खाण मृदू होत नाही, श्रोतेहो. तो थर ज्या दगडातून येतो, तो आजही कोणीतरी फोडून वर आणतो. त्या खिडकीच्या गार सावलीत बसणाराने शीलेचे नाव घ्यावे, ग्रॅहॅमचे घ्यावे. आणि कथील कमी का उतरले, हे पहिल्याने ज्यांच्या ध्यानात आले, त्या अनामिकांनाही आपल्या इतिहासात एक ओळ द्यावी. एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.