चामड्याच्या आवारातले जेवण

कोलकात्याच्या पूर्व कडेला टँगरा नावाची वस्ती आहे. शहरातली कुटुंबे संध्याकाळी गाड्या काढून तिथे चिनी जेवायला जातात. उंच भिंती, लोखंडी फाटके, अरुंद गल्ल्या आणि त्यांच्या आत प्रशस्त हॉटेले असे तिचे रूप आहे. या हॉटेलांचा इतिहास बहुधा एका वाक्यात उरकला जातो : सर्वोच्च न्यायालयाने चामड्याचे कारखाने बंद करायला लावले, म्हणून तिथल्या चिनी लोकांनी हॉटेले काढली. ही मांडणी मला अपुरी वाटते. चामड्याच्या धंद्याने शहराबाहेर जी जमीन, जे घर आणि राबण्याची जी रीत घडवली, तिच्यातूनच ही हॉटेले उभी राहिली. न्यायालयाचा निकाल हा या कथेचा शेवटचा टप्पा आहे, आरंभ नव्हे.

आरंभ शोधायचा तर शंभर वर्षांहून अधिक मागे जावे लागते. कोलकात्याच्या चिनी वस्तीचे मूळही शहराबाहेरच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अछ्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जने बजबजजवळ हुगळीकाठी जमीन दिली. तिथे त्याने ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही त्याच्या नावावरून अछिपूर म्हणतात आणि चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्यातले चिनी तिथल्या देवळात जातात. कारखाना टिकला नाही. पुढे आलेले चिनी शहराच्या मध्यात, तिरेट्टा बाजाराच्या परिसरात स्थिरावले आणि बोलीगटाप्रमाणे धंदे वाटले गेले. कँटनकडचे लोक सुतारकामात शिरले, हूबे प्रांतातले दात बसवू लागले आणि हाक्का लोकांनी चामडे धरले. बेंटिंक स्ट्रीटवरची त्यांची बुटांची दुकाने प्रसिद्ध होती. बूट शिवणाऱ्याला कमावलेले कातडे लागते. ते स्वतःच कमावावे, या हिशेबाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून हाक्का कुटुंबे टँगऱ्याच्या पाणथळ जमिनीकडे सरकली.

ही जागा का, याचे उत्तर भूगोलात आहे आणि जातिव्यवस्थेतही. कातडे कमावायला भरपूर पाणी लागते आणि घाण पाणी सोडायला नाले लागतात. पूर्वेकडे शहराचे सांडपाणी वाहून नेणारे कालवे होते, धापाची कचराभूमी होती, जमीन स्वस्त होती. दुर्गंधीमुळे शेजार करायला कोणी उत्सुक नव्हते. सवर्ण हिंदूंनी चामड्याला हात लावायचा नाही ही रूढी असल्यामुळे या धंद्यात मुसलमान, बिहारमधून आलेले चर्मकार मजूर आणि जातीच्या उतरंडीबाहेरचे चिनी एवढेच उरले. दोन महायुद्धांनी लष्करी बुटांची मागणी वाढवली आणि हाक्कांचे कारखाने पक्के झाले. मराठी वाचकाला इथे धारावी आठवेल. तिथेही दलदलीच्या काठावर, मुंबईच्या तेव्हाच्या वेशीबाहेर, तमिळ मुसलमानांनी कातडे कमावण्याचा धंदा उभा केला होता. शहरांनी चामडे हवेहवेसे मानले आणि ते कमावणाऱ्याला मात्र दूर ठेवले.

टँगऱ्याचे वेगळेपण कारखान्याच्या रचनेत होते. मालकाचे कुटुंब आवारातच राहायचे. खाली कातड्यांची पिंपे, वर किंवा शेजारी घर, मधल्या मोकळ्या जागेत वाळवण. मानववंशशास्त्रज्ञ एलेन ऑक्सफेल्ड यांनी १९८०च्या दशकात या वस्तीचा अभ्यास केला आणि १९९३मध्ये त्यांचा ग्रंथ आला. कुटुंब हेच उद्योगाचे एकक कसे होते, हे त्यातून स्पष्ट दिसते. नवरा, बायको, मुलगे, सुना सगळे राबत. पाण्याची सोय, मोठे छत, भिंतीआडचे अंगण आणि वेळेचे बंधन न मानणारी घरची माणसे, एवढे सगळे एका आवारात होते. हॉटेल चालवायला याहून वेगळे काय लागते?

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. १९ डिसेंबर १९९६च्या निकालाने केवळ चिनी कारखानेच हलवायला सांगितले नव्हते. गंगेच्या प्रदूषणाविषयी एम. सी. मेहता यांनी केलेल्या याचिकेतून निघालेला तो आदेश टँगरा, तिलजला, तोपसिया आणि पगलाडांगा अशा चार भागांतल्या साडेपाचशेच्या आसपास कारखान्यांना लागू होता. ज्यांना बानतल्याच्या नव्या चर्मसंकुलात जायचे होते, त्यांना ३० सप्टेंबर १९९७पर्यंतची मुदत होती. मग तोपसियात हॉटेलांची रांग का लागली नाही? तिथे चामड्याच्या पिशव्या, पाकिटे, हातमोजे यांचे काम राहिले. धारावीतही कातडे कमावणे गेल्यावर चामड्याच्या वस्तूंचा बाजार उरला. याचा अर्थ नुसती जागा आणि नुसता निकाल यांनी हॉटेल घडत नाही.

उरलेले कारण १९६२मध्ये सापडते. चीनशी युद्ध झाल्यावर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना, त्यांत भारतात जन्मलेलेही होते, राजस्थानातल्या देवळी छावणीत डांबले गेले. बहुतेक जण आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडचे होते आणि काहींना तिथे चार-पाच वर्षे काढावी लागली. टँगऱ्यातल्या नामवंत हॉटेलांच्या मालकीण मोनिका लिऊ यांचे बालपण याच छावणीत गेले. जे बाहेर राहिले त्यांच्यावर नोंदणीची आणि प्रवासाची बंधने आली. हा आपल्या प्रजासत्ताकाने केलेला अन्याय होता आणि त्याची अधिकृत कबुली अजून मिळालेली नाही. ज्या समाजाच्या नागरिकत्वावरच शंका घेतली गेली, त्याला सरकारी नोकरीची वाट फारशी उघडी नव्हती. असंख्य कुटुंबे टोरांटो आणि व्हिएन्नाकडे गेली. राहिलेल्यांपुढे आपल्या आवारात, आपल्या माणसांच्या बळावर चालतील असेच धंदे होते. शहराला चिनी जेवणाची चव आधीच लागलेली होती. नानकिंगसारखी हॉटेले १९२०च्या दशकापासून मध्य कोलकात्यात चालत होती. निकालाच्या कितीतरी आधी टँगऱ्यातल्या काही घरांनी कारखान्याच्या कडेला टेबले मांडली. १९८०च्या दशकात ईस्टर्न मेट्रोपॉलिटन बायपास झाला आणि जे बाहेर होते ते गाडीने सहज गाठण्यासारखे झाले. न्यायालयाने नंतर जे केले त्यामुळे जोडधंदा मुख्य धंदा झाला.

दुसरा आक्षेप चवीचा आहे. हे जेवण चिनी नव्हेच, असे जाणकार म्हणतात. हिरवी मिरची, लसूण, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअरच्या दाट रश्शातली चिली चिकन चीनमध्ये कोणी ओळखणार नाही, हे खरे. हाक्का कुटुंबे घरात जे शिजवतात ते वेगळे आणि सौम्य असते. पण अस्सलपणाची कसोटी लावायची तर ती त्या अन्नाच्या जन्मगावाची लावावी. बंगाली, मारवाडी, पंजाबी गिऱ्हाइकासाठी कोलकात्याच्या चिन्यांनी जे रांधले ते कोलकात्याचेच अन्न आहे. याचा पुरावा बाहेर सापडतो. टोरांटोला गेलेल्या हाक्कांनी तिथे हॉटेले काढली, तेव्हा त्यांनी चीनमधल्या पूर्वजांचे पदार्थ न ठेवता हीच चिली चिकन ठेवली. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईला आले आणि १९७५च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी चिकन मंचुरियन बनवले, असे ते सांगत आले आहेत. आज महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत लाल पाटीच्या चायनीजच्या गाड्यांवर जे विकले जाते, त्याचा एक मोठा धागा या शहरापर्यंत जातो.

म्हणून टँगऱ्याबद्दलची सध्याची चर्चा मला चुकीच्या टोकाला अडकलेली दिसते. पदार्थ जपावेत, खाद्यमहोत्सव भरवावेत, असे सुचवले जाते. पदार्थांना धोका नाही. ते टोरांटोत आहेत, ठाण्यात आहेत. धोका आवारांना आहे. कोलकात्यात आता चिनी माणसे काही हजारच उरली आहेत, तरुण परदेशी जात आहेत, आणि जुन्या कारखान्यांच्या जमिनीवर निवासी मनोरे उठत आहेत, कारण एकेकाळी कोणाला नको असलेली ही जमीन आता बायपासलगतची मोक्याची जमीन आहे. वारसा म्हणून काही नोंदवायचे असेल तर या कारखान्यांचे आराखडे, त्यांतली राहती घरे, देवघरे, शाळा आणि बिहारी मजुरांच्या खोल्या यांची नोंद आधी व्हायला हवी, आणि त्यासाठी पहिली भिंत पडण्याची वाट पाहायला नको. अनेक भिंती पडून गेल्या आहेत.